नामबंधूंची पेटी : आषाढ ते भाद्रपद

मंडळी, गेल्या वेळी नोंद लिहिली तेव्हा पेटीत १८६ कार्डं होती. आज २१३ झाली. पण या तीन महिन्यांतलं खरं काम त्या वाढीत नाही. अकरा जुनी कार्डं फाडून पुन्हा लिहिली, तिथं सगळा वेळ गेला आणि तिथंच सगळा आनंदही मिळाला.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एकाच नावाची दोन किंवा जास्त नामवंत माणसं सापडली की मी प्रत्येकाचं वेगळं कार्ड करते. पोस्टकार्डाएवढं, जाड, बिनरेघी. वर नाव आणि खाली तीन गोष्टी : वडिलांचं नाव, गाव, साल. हे तिन्ही भरल्याशिवाय कार्ड पेटीत जात नाही, खिडकीपाशी दोरीवर चिमट्याला लटकत राहतं. सध्या दोरीवर नऊ आहेत. पावसाळी हवेनं त्यांच्या कडा वळल्या आहेत.

वडिलांच्या नावाचा एवढा हट्ट का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घरी आणला. साखर तीनशेच्या वर. आईला मधुमेह कधीच नव्हता. त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. सकाळी आईनंच चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, "अगं, ही मी नव्हेच. माझ्या नावापुढे द लिहितात, इथं ग आहे." नाव तेच, आडनाव तेच, वयात दोन वर्षांचं अंतर. ती दुसरी बाई इथंच ठाण्यात, नौपाड्यात राहत होती, आणि तिच्या घरी त्या रात्री सगळं ठीक असल्याचा कागद गेला होता. चूक उघड झाल्यावर तिचे उपचार सुरू झाले. तेव्हापासून मधलं अक्षर मी गाळत नाही, आणि कुणी गाळलं तर मला अजूनही चैन पडत नाही.

आता आपट्यांकडे येते, कारण यंदाचा आषाढ त्यांनीच खाल्ला. स्टेशनजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे एक कादंबरी मिळाली. कुठल्यातरी वाचनालयानं पुन्हा बांधून घेतलेली, लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरात फक्त 'आपटे'. मी घरी येऊन सरळ हरिभाऊंच्या, म्हणजे हरि नारायण आपट्यांच्या, कार्डावर तिची नोंद केली. रात्री पानं चाळताना मुखपृष्ठामागचं पान उघडलं. कसरीनं त्याचा एक कोपरा खाल्लेला, पण नाव शाबूत होतं : नारायण हरि आपटे.

हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे. दोघेही कादंबरीकार, दोघेही मराठी घराघरांत वाचले गेलेले, आणि नावं एकमेकांची उलटी. हरि नारायण १८६४ ते १९१९, 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे, 'करमणूक' साप्ताहिक चालवणारे. नारायण हरि १८८९ ते १९७१, ज्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातनं १९३७ साली 'कुंकू' हा सिनेमा काढला. ते बापलेक नव्हेत. पण तसं वाटणं साहजिक आहे, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीतच अशी की एकाच घरात हरि नारायण, मग नारायण हरि, मग पुन्हा हरि नारायण अशी साखळी चालू राहते. त्यात 'ह. ना.' आणि 'ना. ह.' अशी नुसती आद्याक्षरं छापली की वाचणाऱ्याची नजर अदलाबदल करतेच. विषयही एकमेकांना लागून. 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये बालविधवा यमूचं आयुष्य आहे, तर 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी. दोघांनीही मुलीच्या लग्नाचाच प्रश्न हाती घेतलेला. माझी चूक का झाली ते मला कळलं, पण ती खोडून टाकायला पुरेना. दोन्ही कार्डं फाडली आणि दोन्हींवर आद्याक्षरांऐवजी पूर्ण नावं लिहिली. या चुकीपायी शंभर-सव्वाशे वर्षांनी एकाची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, आणि तक्रार करायला तो माणूस नसतो.

आद्याक्षरांचा आणखी एक घोळ त्याच आठवड्यात निस्तरला. 'ना. धों.' म्हटलं की बहुतेकांना महानोर आठवतात, रानातल्या कवितांचे. पण 'गोट्या' लिहिणारे ताम्हनकरही ना. धों.च. एक नामदेव, एक नारायण. इथं उलट आहे : पूर्ण नाव लिहिलं की नामबंधू उरतच नाहीत. अशी कार्डं मी पेटीत ठेवायची की नाही यावर बरेच दिवस अडले होते. ठेवली. गोंधळ आद्याक्षरांपुरता असला तरी गोंधळच की.

स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं जुळणारी जोडी मात्र दुर्मीळ, आणि ती सापडली की माझा दिवस आनंदात जातो. माझी आवडती जोडी अर्थातच बाळ गंगाधर. बाळशास्त्री जांभेकर, १८१२ ते १८४६, आणि लोकमान्य, १८५६ ते १९२०. एक गेल्यावर दहा वर्षांनी दुसरा जन्मला. 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ला, 'केसरी' ४ जानेवारी १८८१ला. म्हणजे दोन्ही बाळ गंगाधरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच मराठी वाचकाच्या हातात वर्तमानपत्र दिलं, मधे ४९ वर्षं. टिळकांचं ठेवलेलं नाव केशव होतं, बाळ हे घरातलं. पण जगानं घरातलंच नाव उचललं आणि जोडी जमली.

विनायक दामोदर सावरकर आणि विनायक दामोदर कर्नाटकी ही दुसरी. कर्नाटकी म्हणजे 'ब्रह्मचारी' सिनेमाचे मास्टर विनायक.

तिसरी या श्रावणात पूर्ण झाली : गणेश वासुदेव. एक गणेश वासुदेव जोशी, पुण्याचे सार्वजनिक काका, १८२८ ते १८८०. दुसरे गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, १८८८ ते १९५६. सार्वजनिक काकांच्या कार्डाची मागची बाजूही भरली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील हेच. ज्या दिवसांत फडक्यांचं नाव घ्यायला लोक धजत नव्हते त्या दिवसांत. फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्या रस्त्यानं मी कितीदा गेले असेन, पण सार्वजनिक काकांची आठवण आता होते.

ठाण्याचा म्हणून एक नामबंधू पेटीत असावा ही जुनी इच्छा होती. चिमाजी अप्पांमुळे ती भागली. आपला ठाण्याचा किल्ला, जिथं आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. बाळाजी विश्वनाथांचा धाकटा मुलगा, पहिल्या बाजीरावांचा भाऊ. पण पेशव्यांच्या घरात दुसरे चिमाजी अप्पा होऊन गेले, आणि गंमत म्हणजे तेही एका बाजीरावाचे धाकटे भाऊ, दुसऱ्या बाजीरावांचे. १७९६ साली सवाई माधवरावांच्या मागे यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन या कोवळ्या मुलाला काही महिने पेशवेपदावर बसवलं होतं. मग वडिलांच्या रकान्यात काय लिहू? जन्मानं रघुनाथराव, दत्तकविधीनं माधवराव. शेवटी दोन्ही लिहिलं, मधे तिरकी रेघ. थोरल्या चिमाजींचं कार्ड मी चार वर्षांपूर्वीच केलं होतं, पण त्यावर 'बाजीरावाचे भाऊ' एवढंच लिहिलं होतं. आता ते वाक्य दोघांनाही लागू पडतं म्हटल्यावर ते कार्डही फाडलं.

शरद जोशींची दोन कार्डं झाली : शेतकरी संघटनेचे, आणि हिंदीतले व्यंगकार. ही जोडी माहीत असलेले पुष्कळ आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता बायकांची कार्डं. इथं माझा नियम कोसळतो, आणि ते मी मोकळेपणी लिहिते. दत्तक गेलेले सोडले तर पुरुषाचं मधलं नाव पाळण्यापासून चितेपर्यंत तेच राहतं. बाईचं लग्नानं बदलतं, आडनावही बदलतं, आणि जुन्या काळी तर पहिलं नावही. सुलोचना कदम या नावानं हिंदी सिनेमात गाणी गाणारी मुलगी आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण या एकच. पण सिनेमातल्या आई म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या सुलोचना वेगळ्या, त्या लाटकर. आणि या दोघींच्याही आधी मूकपटांच्या काळात सुलोचना या नावानं गाजलेल्या, त्यांचं खरं नाव रूबी मायर्स. तीन बायका आणि चार कार्डांची नावं. चौथं कार्ड रद्द केलं, पण 'सुलोचना कदम, पाहा सुलोचना चव्हाण' अशी अर्ध्या आकाराची चिठ्ठी त्याच्या जागी ठेवली.

रमाबाईंसाठी मी ट्रान्सहार्बर लोकलनं नेरूळला गेले. तिथले एक काका चाळीस वर्षं टपाल तिकिटं जमवतात. दारातच म्हणाले, "ताई, माझ्याकडे दोन्ही रमाबाई जादाच्या आहेत, न्या तुम्ही." एक १९६२चं, १५ नये पैशांचं, रमाबाई रानड्यांचं. दुसरं १९८९चं, पंडिता रमाबाईंचं. काकांनी चिमट्यानं उचलून, उजेडात धरून, कडेचे दातरे मोजून, हिंज म्हणजे डिंकाची छोटी कागदी पट्टी लावून माझ्या कार्डांवर बसवून दिली. मी हात लावू नये म्हणून दोनदा बजावलं. या दोन रमाबाई एकाच काळात, एकाच पुण्यात, एकाच कामासाठी एकत्र आलेल्या : १८८२ साली पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि रानड्यांच्या रमाबाई त्यात जाऊ लागल्या. एकीच्या नावाआधी पंडिता आणि दुसरीच्या नावानंतर रानडे एवढ्यानं आपण त्या वेगळ्या ओळखतो. थेऊरला सती गेलेल्या माधवराव पेशव्यांच्या रमाबाई आणि बाबासाहेबांच्या रमाई अशी आणखी दोन कार्डं त्यांच्या शेजारी आहेत.

वडिलांचा रकाना भरायला बसले तेव्हा रानड्यांच्या रमाबाईंचं माहेर शोधलं. कुर्लेकर. आणि माहेरचं नाव यमुना. लग्नानंतर रमा झालं. मी पेन खाली ठेवलं, कारण यमुना हे नाव मी पेटीत आधी कुठंतरी लिहिलेलं होतं. आ-मध्ये शोधलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी. कल्याणच्या घराण्यातली, १८६५चा जन्म, माहेरचं नाव यमुना. गोपाळरावांनी आनंदी केलं.

म्हणजे तीन वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन यमुना. एकीनं सेवासदन उभं केलं, दुसरी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. नामभगिनी होत्या त्या, पण ते नाव घरातच राहिलं, त्यामुळे कुणी दोघींना एकत्र आठवत नाही. आणि आनंदीबाईंच्या पदवीदानाला अमेरिकेत हजर असलेली मराठी बाई कोण, तर पंडिता रमाबाई. मी तिन्ही कार्डं टेबलावर ओळीनं मांडली, आईला हाक मारून दाखवली. तिनं वाचली आणि विचारलं, "यांच्या आयांनी मग त्यांना कुठल्या नावानं हाक मारली असेल गं, लग्नानंतर माहेरपणाला आल्या की?"

या प्रश्नानंतर कार्डांचा आराखडा बदलला. बायकांच्या कार्डावर आता चौथा रकाना आहे : माहेरचं नाव. जुन्या ६१ कार्डांवर तो भरायचा आहे. भाद्रपद संपेपर्यंत १४ झाली. हाच रकाना दोन शाहूंनाही लागू केला, कारण साताऱ्याच्या शाहूंचं जन्मनाव शिवाजी आणि कोल्हापूरच्या राजर्षींचं यशवंतराव. तिथं त्याला 'जन्मनाव' म्हटलं.

दोरीवरच्या नऊंपैकी सगळ्यात अवघड विष्णुदास नामा. एकनाथांच्या काळचे कवी, महाभारत ओवीबद्ध करणारे. संत नामदेवांच्या अभंगांतही 'विष्णुदास नामा' ही नाममुद्रा येते, त्यामुळे गाथेत दोघांची रचना एकमेकांत मिसळली. इथं वडिलांचं नाव, गाव, साल काहीच कामी येत नाही. भाषा पाहावी लागते, अभंग अभंग घेऊन. मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन शनिवार बसले, त्यात सतरा अभंग उतरवून झाले. ज्यांचा या भागाचा अभ्यास आहे त्यांनी मला कुठून धरायचं ते जरूर कळवावं. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते नाटककार विष्णुदास भावे त्या मानानं सोपे, ते विष्णू अमृत भावे. त्यांचं कार्ड एका संध्याकाळी झालं.

काल रात्री य-चा कप्पा उघडला. त्यात यशवंतरावांच्या मागे दोन अर्ध्या चिठ्ठ्या घातल्या. 'यमुना, पाहा रमाबाई रानडे.' 'यमुना, पाहा आनंदीबाई जोशी.' य-मध्ये या दोघींना शोधायला कुणी येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या तिथं शेजारी शेजारी आहेत.