सव्वापाच किलो रव्याची पूजा

वरळीच्या बीडीडी चाळींत 26 जानेवारी म्हणजे सकाळी झेंडा आणि मग सत्यनारायण. बऱ्याच मंडळांनी हीच तारीख धरली, त्याला कारण सुट्टीचं. गिरण्या बंद, कचेऱ्या बंद, शाळा झेंडावंदनापुरती. शिवाय हा दिवस बहुधा संक्रांत आणि रथसप्तमीच्या मध्ये पडतो, म्हणून त्याच मांडवात बायकांचं हळदीकुंकूही होऊन जायचं. एका मांडवाच्या भाड्यात पूजा, हळदीकुंकू आणि रात्रीचं भजन. खजिनदाराला याहून चांगला मुहूर्त कुठला भटजी काढून देणार?

भटजी मिळणं हीच मुळात पहिली अडचण. वरळीत 121 चाळी, आणि एकाच दिवशी पूजा सांगणारी मंडळं डझनांनी. म्हणून शहाणी मंडळं दिवाळीतच भटजींना विडा देऊन ठेवत. उशिरा जाग आलेल्यांना दुपारी दोनची वेळ मिळे, आणि मग पाच अध्याय पाऊण तासात आटपत. पूजेला बसणारं जोडपं मजल्याच्या पाळीने ठरे. त्या वर्षी लग्न झालेलं कुणी असेल तर त्याला पहिला मान. एका मजल्यावर दोन नवी जोडपी निघाली की चिठ्ठी टाकायची, आणि ती लहान मुलाच्या हातून उचलायची. मोठ्याने उचलली की वर्षभर कुजबुज.

एक चाळ म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, एकूण ऐंशी. खोली 160 चौरस फुटांची, दोन्ही रांगांच्या मधून व्हरांडा. वर्गणीला निघालेली दोन माणसं व्हरांड्याच्या एका टोकाने शिरली की दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत वीस पावत्या फाटायच्या, कारण दार उघडंच असायचं आणि आत कोण आहे ते दिसायचं. पावतीपुस्तक शंभराचं, स्थळप्रतीसकट. गिरणीच्या पगारानंतरचा पहिला रविवार गाठायचा. आठवडा उलटला की वाण्याची उधारी आधी भागे आणि मंडळ मागे पडे. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, म्हणजे त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाच्या आठ दिवस आधी. संप लांबला तशा पुढच्या वर्षांच्या पावत्या आकड्याने लहान होत गेल्या. ऐपत नसलेल्या घरी अकरा रुपयांचीही पावती त्याच अदबीने फाडायची आणि यादी फळ्यावर लावताना आकडे गाळून नुसती नावं लिहायची, ही रीत फार समजूतदारपणाची होती.

आता शिऱ्याकडे येऊ, कारण पूजेची खरी परीक्षा तिथे.

ऐंशी खोल्या, खोलीत पाच-सहा माणसं, वर पाहुणे आणि शेजारच्या चाळीतले. हिशेब पाचशे द्रोणांचा. सव्वाचं माप मोडायचं नाही, म्हणून रवा सव्वापाच किलो, साखर तितकीच, तूप तितकंच. दूध दुप्पट, साडेदहा लीटर. रवा जाड असेल तर दोन-तीन लीटर उकळतं पाणी हाताशी ठेवायचं. केळी दोन डझन. सगळं मिळून पंचवीस किलोच्या आसपास शिरा उतरतो आणि द्रोणाला पन्नास ग्रॅम पडतो.

एवढा रवा एकाच पातेल्यात कधी भाजू नये. वरचा पांढरा राहतो, खालचा करपतो, आणि करपल्याचा वास साखर-वेलचीने झाकत नाही. दोन पातेली, दोन शेगड्या, मंद आच, पाऊण तास सतत उलथनं. रवा तूप सोडायला लागला आणि हाताला हलका वाटला की केळ्याचे काप घालायचे, ते तुपात विरघळू द्यायचे. केळी जास्त झाली की शिरा काळपट पडतो आणि संध्याकाळपर्यंत चिकटतो. दूध उकळतंच ओतायचं, थंड ओतलं की गुठळ्या. त्या फोडत बसण्यात अर्धा तास जातो आणि तोवर खाली लागतं. साखर सगळ्यात शेवटी, रव्याने दूध पूर्ण पिऊन तो फुलल्यावर. घाईने आधी घातली तर रवा फुलायचाच थांबतो, मग कितीही वाफ द्या, दाताखाली कचकच राहते. नैवेद्याचा सव्वा पावाचा शिरा वेगळ्या भांड्यात, आंघोळ करून, न चाखता. तुळशीपत्र ठेवून तो दाखवला की मोठ्या पातेल्यांत मिसळायचा, म्हणजे सगळाच प्रसाद. दोन पातेली असतील तर दोन्हींत. हे विसरलं की दुसऱ्या पातेल्यावरून वाद, आणि असल्या वादाला चाळीत तोटा नव्हता.

प्रसाद कुणी नाकारत नसे. कथेतल्या कलावतीने प्रसाद न घेता नवऱ्याकडे धाव घेतली आणि नाव बुडाली, हे पाचवीतल्या पोरालाही पाठ. म्हणून गिरणीत दुसऱ्या पाळीला गेलेल्यांचे द्रोण बाजूला काढून ठेवायचे. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी रात्री बारापर्यंत, तिसरी सकाळी सातपर्यंत. पूजा सुट्टीच्या दिवशी नसेल, शनिवारी धरली असेल, तर कार्यक्रमाची सगळी मांडणी या तीन आकड्यांवर चाले. दुसऱ्या पाळीची माणसं साडेबाराला अंगावर कापसाचे तंतू घेऊन येत आणि डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, खरा रंग तेव्हा चढे. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, समोरासमोर. आधीच्या बुवाने गजरात टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने गाऊन द्यायचं. कोकणातल्या मंडळींना यापुढे सिनेमा फिका. आज ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे डबलबारी संध्याकाळी सहाला बसवतात. बुवा गातात चांगलं, पण सहा वाजता डबलबारीला डबलबारीची चव येत नाही, हे बुवाही मान्य करतील.

सिनेमाचंही एक तंत्र होतं. दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पांढरा पडदा, 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसं. मागून बघणाऱ्यांना पाट्या उलट्या दिसत, नायक डावखुरा दिसे, पण जागा मोकळी मिळे. वरळीला खाडीवारा नसला तरी समुद्राचा वारा आहेच. पडद्याच्या खालच्या काठाला बांबू बांधला नाही तर शिडासारखा फुगून सगळी चित्रं ताणली जात. फिल्म गेटमध्ये अडकली की दिव्याच्या उष्णतेने पडद्यावर मधोमध तपकिरी भोक वाढत जाई आणि पोरं टाळ्या पिटत.

विजेची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कुणाच्या तरी खोलीतून वायर ओढायची सवय सगळ्यांना, आणि रात्री नेमकी आरतीच्या वेळी फ्यूज जायचा. हजार वॉटचा एक हॅलोजन सव्वाचार अँपिअर घेतो. घरातला फ्यूज पाच अँपिअरचा. दोन हॅलोजन लावले की अंधार, आणि मग तारेचे दोन पीळ जास्त घालून फ्यूज ‘पक्का’ करणारा एखादा हुशार निघे. त्याने वायर तापते, मांडवाचं कापड जवळ असतं. बेस्टकडे तात्पुरत्या मीटरचा अर्ज करणं हाच सरळ मार्ग. तो आठवडाभर आधी करावा.

गुणगौरवात स्टीलचा डबा, त्यावर मंडळाचं नाव आणि साल कोरलेलं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स मागवायची तीसुद्धा फळ्यावर आठ दिवस आधी लिहून, नाहीतर एक नाव राहतं आणि त्या घरची वर्गणी पुढल्या वर्षी थंडावते. असे डबे गिरणगावात अजून डाळ-तांदळाला वापरात आहेत.

आता चाळी पडताहेत. म्हाडाच्या पुनर्विकासात 160 फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचं घर. 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. घर मोठं, संडास घरात, पाण्याची रांग नाही. त्या रांगेबद्दल हळवं होणाऱ्याने ती बहुधा लावलेली नसते. पण मंडळाचं गणित मात्र पार बदलतं. 556 घरं म्हणजे सातेक चाळींची बिऱ्हाडं. जितक्या चाळी तितकी मंडळं, तितकी पावतीपुस्तकं, आणि सगळ्यांची पूजा 26 जानेवारीला. पोडियम, म्हणजे टॉवरच्या पायथ्याची सामाईक मोकळी जागा, मात्र एक.

वर्गणीला दार वाजवावं लागतं, आणि चाळीस मजले चढून-उतरून तीन रविवार पुरत नाहीत. सोसायटीच्या मासिक बिलात वर्गणी घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. सोसायटीचा हिशेब सहकार कायद्याखाली, मंडळाचा धर्मादाय आयुक्तांकडे. दोन्ही मिसळले की पहिला तक्रारअर्ज आलाच समजा. त्यापेक्षा मजल्यामागे एक माणूस नेमावा, तो त्याच मजल्यावर राहणारा असावा.

शिऱ्याची पातेली पोडियमवर लावता येतील हे गृहीत धरू नये. गॅस सिलिंडर आणि कापडी मांडव एकत्र म्हटलं की अग्निसुरक्षेचे नियम आडवे येतात. केटररकडून शिरा आणायचा तर सव्वाचं माप त्याला लिहून द्यावं, नाहीतर तो तूप निम्म्यावर आणतो आणि वर डालडा दडपतो. नैवेद्याचा सव्वा पाव तरी एखाद्या घरात करावा आणि आलेल्या पातेल्यात मिसळावा. वाटप वरून खाली करावं. खालून सुरू केलं की लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते आणि वरच्यांना द्रोण गार मिळतो. डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याहून पूजेला परत येणारे जुने शेजारी असतात. त्यांचे द्रोण आधी बांधावेत, लोकल गाठायची असते.

राहिला बॅनर. सगळ्या मंडळांची नावं मावत नाहीत, कुणाचं वर घालायचं यावर बैठका होतात. काही जण नावं वगळून नुसते जुन्या चाळींचे क्रमांक चढत्या क्रमाने छापा म्हणतात. क्रमांकाला आक्षेप घ्यायला सहसा कुणी उठत नाही.