आईची पुढची सीट

माझ्या आईने चित्रपटगृहात शेवटचा सिनेमा पाहिला, त्याला आता सहा वर्षे होतील. खुब्याचे हाड मोडल्यानंतर शस्त्रक्रिया झाली, वॉकर घेऊन ती घरात हिंडू-फिरू लागली, स्वयंपाकघरात उभी राहून फोडणीही घालू लागली. पण अंधारात पायऱ्या चढून, रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत मधल्या खुर्चीपर्यंत पोचणे तिला जमत नाही आणि अडीच तास एकाच अवस्थेत बसणे त्याहून जमत नाही. आम्ही एकदा एका मल्टिप्लेक्समध्ये प्रयत्न केला होता. चाकांच्या खुर्चीसाठी राखलेली जागा पडद्याच्या अगदी पुढ्यात होती. तासभर मान वर करून बसल्यावर मध्यंतरात आई म्हणाली, "चल, जाऊ घरी. कळला मला सिनेमा." त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मुळशीच्या रस्त्याला एका मोकळ्या मैदानावर ड्राइव्ह-इन सिनेमाचा, म्हणजे आपापल्या गाडीतच बसून पाहायच्या सिनेमाचा, खेळ होणार असल्याचे कळले, तेव्हा मी त्याच संध्याकाळी गाडीचे तिकीट काढून ठेवले. धायरीहून निघताना आईची तयारी लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी होती. पाठीला उशी, पायाखाली घ्यायला स्वयंपाकघरातला पाट, शाल, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात दशम्या व शेंगदाण्याची चटणी. अंधार पडता पडता आम्ही पोचलो. मैदानाच्या टोकाला हवा भरून फुगवलेला पडदा दोरांनी ताणून उभा केला होता आणि वाऱ्याची झुळूक आली की तो हलकेच डुलत होता. फाटकावरच्या मुलाने हातात एक चिठ्ठी दिली, तिच्यावर एफएमचा आकडा लिहिलेला होता. तो गाडीच्या रेडिओवर लावला आणि आमच्या लहानशा गाडीत, आईच्या गुडघ्यापाशी, सिनेमाचा आवाज सुरू झाला. तो तिला हवा तेवढा मोठा करता येत होता. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी ही केवढी सोय आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. तिने पाय पाटावर ठेवले, दशमीचा तुकडा मोडला आणि मोठ्याने विचारले, "हा तोच का गं, मघाचा?" चित्रपटगृहात तिने हा प्रश्न कधीच विचारला नसता.

अडचण एकच होती. आमच्या पुढे एक उंच, रुंद गाडी उभी होती आणि तिच्या टपामुळे पडद्याचा खालचा भाग आम्हाला दिसत नव्हता. संयोजकांनी मैदान मेहनतीने सपाट करून घेतले होते आणि नेमके तेच चुकले होते, कारण ड्राइव्ह-इन चित्रपटगृहाचा शोध मुळात याच अडचणीचे उत्तर म्हणून लागला आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने घराच्या आवारात मोटारीच्या बॉनेटवर कोडॅकचा प्रोजेक्टर ठेवला, समोरच्या झाडांना पडदा बांधला आणि पडद्यामागे रेडिओ लावून आवाज कसा येतो ते पाहिले. पावसात काय दिसेल, हे तपासण्यासाठी त्याने बागेला पाणी घालायचा फवारा गाडीवर सोडला. मग एकामागे एक गाड्या लावल्यावर मागच्याला काही दिसेना, तेव्हा पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवत त्याने गाडीचे तोंड किती वर उचलायला हवे याचा अंदाज घेतला आणि त्यातून मातीच्या उतरत्या वरंब्यांची रचना तयार झाली. १६ मे १९३३ रोजी त्याला पेटंट मिळाले आणि ६ जून १९३३ रोजी कॅमडेन शहराजवळ पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू झाले. गाडीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट असा दर होता, मात्र गाडीत कितीही माणसे असली तरी एक डॉलरपेक्षा जास्त आकारणी नव्हती. मुले कितीही गोंगाट करोत, सगळ्या कुटुंबाचे स्वागत आहे, अशी त्याची जाहिरात होती. हॉलिंग्सहेडची आई अंगाने स्थूल होती, चित्रपटगृहातल्या खुर्चीत तिला अवघडल्यासारखे होई आणि त्यातूनच त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. मला ही हकिकत मनापासून पटते. (त्याच १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ते प्रभातचेच आवार. हे साल मला त्यामुळेच पटकन लक्षात राहिले.)

आवाजाचा प्रश्न सुटायला मात्र बराच काळ गेला. सुरुवातीला पडद्यापाशी मोठे ध्वनिवर्धक लावलेले असत, त्यामुळे मागच्या रांगांना आवाज उशिरा पोचे आणि आसपासच्या वस्तीला झोप लागत नसे. पुढे १९४० च्या दशकात गाडीच्या खिडकीला अडकवायचे छोटे स्पीकर आले आणि त्यानंतर गाडीतला रेडिओच कामी येऊ लागला. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक चित्रपटगृहे होती, आज ती काही शेकड्यांवर आली आहेत. शहरे पसरली, जमिनीला भाव आला, घरात व्हिडिओ आला, ही कारणे आपल्याही ओळखीची आहेत. एक कारण मात्र तिकडचेच आहे. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत १९६७ पासून अमेरिकेत जवळपास सगळीकडे लागू झाली आणि आधीच उशिरा मावळणारा सूर्य घड्याळाप्रमाणे आणखी तासभर उशिरा मावळू लागला. रात्री नऊ-साडेनऊला सुरू होणाऱ्या खेळाला लहान मुलांना घेऊन कोण जाणार?

पुण्याच्या बाबतीत मला आशा वाटते ती या मुद्द्यावर. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे वर्षभरात फरक पडतो तो जेमतेम सव्वा तासाचा, आणि आठच्या आत कोणत्याही महिन्यात पुरेसा अंधार मिळतो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आठ महिने आभाळ कोरडे असते. तिकडे कित्येक ठिकाणी कडाक्याच्या थंडीमुळे हिवाळाभर खेळ बंद ठेवावे लागतात, तर आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षातल्या रात्री उघड्यावर बसण्यासाठी सर्वांत चांगल्या. मोटारीत बसून सिनेमा पाहण्यासाठी पुण्याइतकी सोयीची हवा फार थोड्या शहरांना मिळाली असेल.

आणि उघड्यावर सिनेमा पाहणे आपल्याला कोणी शिकवायला नको. आईचे माहेर खटाव तालुक्यातले. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा येई, त्याच्या गोष्टी ती अजून सांगते. दिवसभर कर्ण्यावरून आरोळ्या, रात्री जमिनीवर सतरंजी, मधोमध कापड लावून एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीने गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी पांढरा पडदा बांधून दाखवलेले सिनेमे पाहिले आहेत. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. तिथून चित्र तेवढेच स्वच्छ दिसे, फक्त सगळे उलटे असे. नावे आरशातल्यासारखी उमटत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी. त्या गर्दीत खाटेवरून उचलून आणलेल्या आजीबाई असत, कडेवरची तान्ही मुले असत, आणि त्यांना कोणी गप्प बसवत नसे.

चार भिंतींच्या आणि वातानुकूलनाच्या नादात आपण या माणसांना सिनेमातून बाहेर काढले आहे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, जगभर बंद चित्रपटगृहांना पर्याय म्हणून ड्राइव्ह-इनची आठवण झाली. आपल्याकडे अहमदाबादला १९७३ साली सुरू झालेले ड्राइव्ह-इन इतके रुजले की त्या रस्त्यालाच लोक ड्राइव्ह-इन रोड म्हणतात. तिथली कुटुंबे गाडीशेजारी चटई टाकून डबा उघडतात. मुंबईत वांद्र्याचे जुने ड्राइव्ह-इन बंद पडले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एका मॉलच्या गच्चीवर २९० गाड्यांचे नवे सुरू झाले. ही गच्ची डौलदार असेल, पण मला चटईचे अहमदाबादच जवळचे वाटते.

गाडीत बसल्या बसल्या मिळणाऱ्या इतर सेवांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मॅकडोनाल्ड्सने आपली पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी १९७५ साली ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी उघडली. जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरण्याची मनाई होती, म्हणून ती खिडकी. म्हणजे तिथेही सुरुवात झाली ती गाडीतून उतरू न शकणाऱ्या माणसासाठीच. पुण्यात मात्र बाह्यवळण मार्गालगतच्या अशा एका खिडकीपुढे रविवारी संध्याकाळी लागलेली रांग मी पाहिली आहे. सेवा रस्त्यापर्यंत आलेली, प्रत्येक गाडीचे इंजिन चालू, मागे अडकलेली बस भोंगा वाजवते आहे, आणि धडधाकट माणसे पंधरा मिनिटे धुरात थांबून उतरण्याचे कष्ट वाचवत आहेत. अशा सेवेची मला ओढ नाही. पण मे २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने दादरच्या सार्वजनिक वाहनतळात वृद्धांना आणि अपंगांना गाडीतच लस देण्यास सुरुवात केली, तेव्हा तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांची छायाचित्रे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. आईच्या लशीसाठी मला तिला दोन मजले उचलून न्यावे लागले होते. बँकेतला हयातीचा दाखला, रक्ताचा नमुना, औषधांचे दुकान या ठिकाणी गाडीपाशी येणारी खिडकी हवी. वडापावासाठी उतरावे.

सिनेमा या दोन्हींहून निराळा. ड्राइव्ह-थ्रूमध्ये माणूस थांबू नये अशी व्यवस्था असते आणि ड्राइव्ह-इनमध्ये माणसे एकत्र थांबतात. मुळशीच्या त्या रात्री हे मला अगदी जवळून दिसले. दोन-अडीच तास चावी अर्धी फिरवून रेडिओ आणि काचेवरची वाफ घालवण्यासाठी अधूनमधून पंखा चालू ठेवल्यामुळे सिनेमा संपल्यावर आमच्या गाडीची बॅटरी उतरली होती. इंजिन नुसते टकटक करून गप्प बसले. फाटकावरची माणसे तोवर आवराआवरीला लागली होती. तेव्हा पुढच्या त्याच उंच गाडीतला तरुण जम्पर केबल घेऊन आला. "ताई, बॉनेट उघडा," असे म्हणून त्याने लाल आणि काळे चिमटे लावले, आपली गाडी सुरू केली आणि मग खिडकीशी वाकून आईला विचारले, "आजी, दिसलं का नीट? माझी गाडी आड येत होती ना?" आईने खरे ते सांगितले, की खालचे काही दिसले नाही. मग तिने उरलेल्या दोन्ही दशम्या त्याच्या हातावर ठेवल्या. मल्टिप्लेक्समधून आम्ही कित्येकदा बाहेर पडलो असू, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरासुद्धा आम्हाला कधी आठवला नव्हता.

पुण्यात ड्राइव्ह-इन रुजायचे असेल तर ते केवळ मोटारवाल्यांचे असून चालणार नाही. हे दुचाक्यांचे शहर आहे. पुढच्या काही रांगा दुचाक्यांना आणि चटयांना द्याव्यात आणि त्यांच्यासाठी हळू आवाजाचे स्पीकर जमिनीलगत ठेवावेत. त्यांच्यामागे लहान गाड्या आणि सर्वांत शेवटी उंच गाड्या लावाव्यात. मातीचे वरंबे घालायला खर्च फारसा नाही. जागाही अशक्य नाहीत. मोशीला प्रदर्शनांसाठी किंवा बालेवाडीला क्रीडा संकुलापाशी जी मोठी आवारे आहेत, ती बऱ्याच रात्री रिकामी असतात. अमेरिकेतल्या कित्येक ड्राइव्ह-इन मैदानांवर दिवसा जुन्या वस्तूंचे बाजार भरत आले आहेत, तसा इकडे दिवसा आठवडी बाजार भरू शकेल.

हे सगळे कोणी करेपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ आईकडे नाही, म्हणून मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत विषय मांडला. मागचे वाहनतळ डिसेंबरातल्या एका शनिवारी मोकळे करून द्यायला समिती तयार झाली आहे आणि सिनेमा दाखवण्याची रीतसर परवानगी काढण्याचे काम एका शेजाऱ्यांनी अंगावर घेतले आहे. इमारतीतल्या नऊ घरांमध्ये चित्रपटगृहाच्या पायऱ्या न चढू शकणारी माणसे आहेत, हे यादी करताना पहिल्यांदाच कळले.

काल संध्याकाळी आम्ही जागा आखून पाहिली. समोर शेजाऱ्यांची उंच गाडी लावली, तिच्यामागे माझी, आणि भिंतीवर पडद्याच्या उंचीची खडूची रेघ ओढली. सुताराकडून आणलेल्या जाड फळ्या पुढच्या चाकांपुढे एकावर एक मांडून मी गाडी अलगद वर चढवली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना विटा लावल्या. आई पुढच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. तिने मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे करून पाहिले आणि काचेतून हाताने खूण करत म्हणाली, "खालची रेघ नाही दिसत अजून. आणखी एक फळी घाल."