हुआछ्यांगबेईत भाव विचारण्याआधी प्रत विचारा

चीनमधल्या शेनझेन शहराच्या फुतियान भागातला हुआछ्यांगबेई हा जेमतेम किलोमीटरभर लांबीचा, गाड्यांना बंद असलेला रस्ता. दोन्ही अंगांना बहुमजली इलेक्ट्रॉनिक्स बाजार, आणि प्रत्येक मजल्यावर काउंटरला काउंटर चिकटलेला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली पायाखालची असेल, तर बाजाराचा स्वभाव ओळखीचा वाटेल. आकार मात्र अनेक पटींनी मोठा.

हाँगकाँगकडून लो वू या सरहद्दीवरच्या नाक्यावरून आलात, तर मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनवर लुओहूपासून (लो वूचंच चिनी बाजूचं नाव) पाचवं स्टेशन हुआछ्यांग रोड. भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधीच काढलेला हवा; हाँगकाँगसाठी केलेली ऑनलाइन नोंदणी इथे चालत नाही. निघण्याआधी अलीपे या चिनी पेमेंट ॲपमध्ये आपलं कार्ड जोडून ठेवा आणि बँकेच्या ॲपमधून त्यावरचे परदेशी व्यवहार सुरू करा. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळं शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतात. गूगल उघडत नाही, म्हणून भाषांतराचं ॲप चिनी भाषेसकट ऑफलाइन उतरवून घ्या.

आता मुद्द्याचं. इथे "आयफोनचा स्क्रीन केवढ्याला?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. एकाच मॉडेलच्या स्क्रीनच्या चार-पाच प्रती, म्हणजे दर्जे, असतात आणि सर्वात स्वस्त व सर्वात महाग यांच्यात कित्येक पटींचा फरक पडतो. आधी प्रतीचं नाव घ्या, मग भाव विचारा. नावं अशी: 'युआनच्वांग' म्हणजे कंपनीचा मूळ भाग. 'छाईची' म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला मूळ स्क्रीन. 'हौया' म्हणजे मूळ पॅनेल (काचेखालचा, चित्र दाखवणारा थर), पण वरची काच नवी बसवलेली. त्याखाली 'क्वोछान', म्हणजे चिनी कारखान्यांनी स्वतः बनवलेलं पॅनेल. त्यातही मऊ ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), कडक ओएलईडी आणि सर्वात खाली एलसीडी (ज्याला मागून दिवा लागतो). कडक ओएलईडी काचेच्या पाट्यावर बनतो, त्यामुळे फोन पडला की लवकर जातो. ओएलईडीच्या फोनला एलसीडी लावला, तर काळा रंग राखाडी दिसतो, जाडी वाढते आणि बॅटरी लवकर उतरते. काउंटरवर नुसतं 'ओरिजिनल' म्हणाले, तर ते युआनच्वांग, छाईची की हौया हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. विचारलं की बहुतेक जण सरळ सांगतात, कारण त्यांच्या लेखी हा रोजचा दरफरक आहे. न विचारणाऱ्याचं मात्र नुकसान होतं.

माझ्या मते जुना फोन दोन-तीन वर्षं अजून वापरायचा असेल, तर चांगल्या हातानं केलेला हौया हा सर्वात शहाणा सौदा. खालचं पॅनेल शाबूत असेल आणि फक्त काच तडकली असेल, तर स्वतःच्याच पॅनेलवर काच बदलून मिळते. हे काम जरूर बघा. फोन उघडून स्क्रीन सुटा करतात, गरम पाट्यावर ठेवतात, आणि काच व पॅनेल यांच्यामधून केसाहून बारीक तार करवतीसारखी पुढेमागे ओढत फुटकी काच सोडवतात. उरलेला चिकट थर बोटानं रोळून काढतात. मग पारदर्शक चिकट फिल्म, त्यावर नवी काच, निर्वात यंत्रात दाब, आणि शेवटी हवेच्या दाबाच्या भांड्यात बुडबुडे काढणं. बिघडतं ते तारेच्या टप्प्यावर. ओएलईडी पॅनेल पातळ असतं. तार किंचित खाली गेली की हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ येते आणि पॅनेल संपतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच ठरवा: रेघ आली तर भरपाई कोण करणार? चांगले कारागीर हे आधीच बोलून घेतात.

फोन हातात देण्याआधी स्क्रीन, कॅमेरे, फेस आयडी, इअरपीस सगळं चालतं का ते त्यांच्यासमोर दाखवा, आयएमईआयचा (फोनच्या ओळख क्रमांकाचा) फोटो घ्या, सिम काढा, बॅकअप घ्या. पासकोड देऊ नका. तपासणीपुरता तुम्हीच उघडून द्या. सॅमसंगमध्ये दुरुस्तीच्या वेळी तुमची माहिती झाकून ठेवणारा मेंटेनन्स मोड आहे, तो लावा. आयफोन १० ते १२ मध्ये इअरपीसच्या पट्टीवर फेस आयडीचा एक भाग असतो आणि तो त्याच फोनच्या बोर्डाशी जोडलेला असतो. स्क्रीन बदलताना ही पट्टी जुन्या स्क्रीनवरून नव्यावर न्यावी लागते. फाटली की नवी पट्टी लावूनही फेस आयडी परत येत नाही.

आयफोन ११ पासून पुढे स्क्रीन बदलला की सेटिंगमध्ये तो भाग अनोळखी असल्याची सूचना दिसते, आणि ट्रू टोन, म्हणजे आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारी सोय, गायब होतो. ट्रू टोन परत हवा असेल, तर जुन्या स्क्रीनमधली माहिती प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्रानं नव्यात उतरवावी लागते. पाच मिनिटांचं काम, पण जुना स्क्रीन टाकून द्यायच्या आत सांगायला हवं. आयओएस १८ पासून, आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत, दुसऱ्या फोनचा मूळ भाग फोनमधूनच जुळवून घेता येतो. तो भाग ॲक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) असलेल्या फोनमधला असला, तर मात्र जुळत नाही.

बॅटरीच्या बाबतीत '१०० टक्के हेल्थ' हा आकडा पुरावा मानू नका, तो यंत्रानं लिहिता येतो. काही ठिकाणी जुन्या बॅटरीचं छोटं सर्किट काढून नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगनं जोडतात, म्हणजे सूचना येत नाही. वेल्डिंग नीट नसेल तर सेल तापतो, त्यामुळे हे काम स्वस्तातल्या काउंटरवर करू नये. फोन बंद करताना कडेचा रबरी चिकट गॅस्केट नवा लावायला सांगा, आणि त्यानंतरही फोन पाण्यात न्यायचा नाही.

सर्किटच्या सुट्या भागांसाठी इथल्याच सेग प्लाझा या इमारतीचे खालचे मजले. रेझिस्टर-कपॅसिटर रिळावर मिळतात. ०६०३ आकाराच्या रेझिस्टरच्या एका रिळात साधारण ५००० नग. काही काउंटर सुटे नग देतात, काही रिळाखाली बोलत नाहीत. आयसी, म्हणजे सर्किटवरच्या चिपा, घेताना काळजी हवी. जुन्या चिपा घासून वर नवे नंबर छापतात. भिंगातून पाहा: पहिल्या पायाजवळचा खळगा भरून गेलाय का, एकाच रिळात तारखेचे कोड वेगवेगळे आहेत का, पायांवर ताजं कथिल चढलंय का. कापसावर ॲसिटोन घेऊन पुसल्यावर छपाई निघाली किंवा पृष्ठभाग खरखरीत झाला, तर सोडून द्या. आधी पाच-दहा नग नेऊन सर्किटवर चालवून बघा, मग मोठी ऑर्डर.

मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह पूर्ण भरून तपासल्याशिवाय विश्वासाचे नाहीत. खोटं कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि ठरावीक जागेनंतर जुन्यावरच लिहीत जातं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून परत वाचतात. वेळ लागतो, पण एक तरी कार्ड हॉटेलवर तपासून मगच बाकीची घ्या. काउंटरचा नंबर, मजला आणि विक्रेत्याचा वीचॅट (चिनी मेसेजिंग ॲप) घेऊन ठेवा. शेकडो सारख्या काउंटरांत परत तोच माणूस शोधायचा, तर याशिवाय मार्ग नाही.

चीनसाठी बनलेला आयफोन घेत असाल, तर त्यात सहसा दोन खरी सिमकार्डं बसतात, पण ई-सिम सहसा नसतं. अँड्रॉइड फोन असेल, तर त्यात गूगलच्या सेवा आहेत का आणि तुमच्या नेटवर्कचे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आहेत का, हे आधी पाहा. जिओसाठी ३, ५ आणि ४० हे ४जी बँड, ५जीसाठी एन२८ आणि एन७८.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये नेता येते. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॉट-अवर. शिवाय २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. शेनझेनहून बेइजिंगला जाऊन मग घरी परतणार असाल, तर खूण पाहूनच घ्या, नाहीतर सुरक्षा तपासणीतच ती सोडून द्यावी लागेल.