अर्धी जाळी झाकून साडेसात टक्के? भाच्याने भरलेल्या टाकीचा हिशोब

मंडळी, मागच्या नोंदीनंतर ज्यांनी अभिनंदन केलं त्यांनी ते कृपया परत घ्यावं. आत घुसणारी हवा कमी करून ॲव्हरेज वाढतं का ते बघायला मी गाडीच्या पुढची वरची जाळी अर्धी झाकून ए-बी-ए चाचणी केली होती: ए म्हणजे न झाकता, बी म्हणजे झाकून, मग पुन्हा ए. झाकण्याआधी लिटरला २०.३ किलोमीटर, झाकल्यावर २१.८, झाकण काढल्यावर पुन्हा २०.२. इतके देखणे आकडे आपल्या छंदात कुणाच्या वाट्याला येत नाहीत. निवडणुकीच्या फलकांना वापरतात ती पोकळ प्लास्टिक शीट, चार केबल टाय, आणि ॲव्हरेज साडेसात टक्क्यांनी वर. यातले सहा टक्के जाळीचे नव्हतेच, हे आता कळलंय. कसं कळलं ते सविस्तर सांगतो, कारण या भानगडीतून मोजायची एक नवी पद्धत हाती लागली आहे.

शंका आधी कागदावर आली. ताशी ८० ला, सपाट रस्त्यावर, वॅगनआरसारख्या उभट गाडीची निम्म्याहून थोडी जास्त ताकद हवा कापण्यात जाते आणि बाकीची मुख्यतः टायरमध्ये. म्हणजे साडेसात टक्के पेट्रोल वाचायचं तर हवेचा अवरोध निदान तेरा-चौदा टक्क्यांनी उतरायला हवा. रेडिएटरमधून आत घुसणाऱ्या हवेचा एकूण अवरोधात वाटाच मुळात काही टक्क्यांचा असतो, आणि मी झाकली होती अर्धी जाळी. हिशोब कुठूनही जुळेना. त्यातून गाडीच्या ओबीडी सॉकेटला अडॅप्टर जोडून इंजिनाचे आकडे वाचणारं ॲप बी-टप्प्याला फक्त १.२ टक्के सुधारणा दाखवत होतं. पण आपला सगळ्यांचा नियम ठरलेला: टाकी खरी, ॲप थापाडं. म्हणून ॲपकडे दुर्लक्ष केलं होतं.

मग एका रात्री जुने लॉग उघडून एलटीएफटीचा, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल टाकतोय त्या ट्रिमचा, रकाना काढला. ए-टप्प्यात दीर्घकालीन ट्रिम +७ ते +८. बी-टप्प्याच्या सुरुवातीपासून उतरत उतरत +१ वर. दुसऱ्या ए-टप्प्यात परत +७. जाळीवर शीट लावल्याने ट्रिम बदलायचं काहीच कारण नाही. ऑक्सिजन सेन्सरला जाळी दिसत नाही, त्याला फक्त धूर कळतो. ईसीयू सात टक्के कमी पेट्रोल टाकूनही मिश्रण बरोबर म्हणतोय, याचा अर्थ टाकीतलं पेट्रोलच वेगळं होतं.

बी-टप्प्याच्या आदल्या आठवड्यात भाचा गाडी घेऊन साताऱ्याला लग्नाला गेला होता. त्याला फोन लावला. "मामा, टाकी फुल करून दिली होती की तुला! ते शंभर ऑक्टेनवालं टाकलं, दीडपट भावाचं. म्हटलं मामाची गाडी जरा खुश होऊ दे." मी टाकी भरलेली पाहून ऑटो-कटला टेकवली, मीटर शून्यावर आणला आणि बी-टप्पा सुरू केला. दुसऱ्या ए-टप्प्याला नेहमीच्या पंपावर नेहमीचंच भरलं. थोडक्यात, झाकण आणि पेट्रोल एकाच वेळी बदललं आणि एकाच वेळी परत आलं. ए-बी-ए पद्धत ज्यासाठी आहे, नेमकं त्यालाच चकवणारा योगायोग.

ट्रिमवरून अंदाज असा की त्या महागड्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसावं. तरी फोनवरच्या माहितीवर विसंबायचं नव्हतं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शंभर मिलिचा बूच असलेला काचेचा मोजनळा आणला. भाच्याच्या जुन्या पल्सरमध्येही तो तेच महागडं पेट्रोल टाकतो. तिच्या कॉकमधून थोडं काढलं. दुसरा नमुना माझ्या स्प्लेंडरच्या पाइपातला, साधा. पार्किंगच्या उघड्या बाजूला, हातमोजे घालून, आजूबाजूला कुणी विडी पेटवत नाही हे बघून. दहा मिलि पाणी, त्यात निळ्या शाईचा थेंब, वर शंभरच्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच दाबून उलटसुलट करायचं, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडायची, आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. साध्या पेट्रोलच्या नळ्यात निळा थर वर चढत चढत २७ च्या रेघेला थांबला. नव्वद मिलि पेट्रोलमधलं सतरा मिलि पाण्यात उतरलं, म्हणजे जवळजवळ १९ टक्के इथेनॉल. मिसळताना आकारमान किंचित आक्रसतं हे धरलं तर पक्कं ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं). भाच्याच्या पेट्रोलमध्ये निळा थर दहावरून हललाच नाही. ट्रिमवरून केलेला अंदाज डोळ्यांसमोर असा थरात उतरला तेव्हा, खोटं कशाला बोलू, साडेसात टक्के गेल्याचं दुःख निम्मं झालं.

हिशोबही बसतो. पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. ई-२० मध्ये त्यामुळे शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली आहे. टाकीच्या तळाशी थोडं ई-२० उरलेलं होतं, ते वजा जाता बी-टप्प्याला सहा-सव्वासहा टक्के पेट्रोलचे आणि उरलेला टक्काभर जाळीचा. थापाडं ॲप १.२ म्हणत होतं!

इथपर्यंत नुसती चोर पकडल्याची मजा होती. खरा प्रश्न पुढे आला: ॲपला हे कळलं कसं? माझ्या गाडीत माफ सेन्सर (आत जाणारी हवा थेट मोजणारा) नाही. ॲप मॅप (इनटेकमधला दाब), आयएटी (आत येणाऱ्या हवेचं तापमान) आणि आरपीएमवरून इंजिनात किती हवा गेली ते काढतं, १४.७ ने (एक ग्रॅम पेट्रोलला लागणारी हवा) भागतं आणि त्याला पेट्रोल म्हणतं. ई-२० साठी योग्य गुणोत्तर साडेतेराच्या जवळ आहे, म्हणून ॲपचे लिटर चुकीचेच असतात. पण हवा चुकीची नसते. आणि एक किलो हवा पूर्ण वापरून जाळलं तर पेट्रोलमधून आणि इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. पेट्रोल किलोला ४३ मेगाज्यूल भागिले १४.७, इथेनॉल २६.८ भागिले ९. दोन्हीकडे तीनच्या जरा खाली. म्हणजे क्लोज्ड लूपमध्ये, ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण सांभाळत चाललेल्या इंजिनाने किती हवा ओढली हे मोजलं की किती ऊर्जा लागली हेच मोजलं जातं. टाकीत काय भरलंय, पंपाचं ऑटो-कट कधी पडलं, दुपारच्या उन्हात पेट्रोल किती फुगलं, यातलं काहीही मध्ये येत नाही. (दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं, विसरू नका. पंपाला स्वतःला पाच लिटरच्या मापात २५ मिलिची सूट असते ती वेगळीच.)

तेव्हा मी लिटर सोडले. आता एकक एकच: किलोमीटरला किती ग्रॅम हवा. माझ्या गाडीला ताशी ८० ला, पाचव्या गिअरमध्ये साधारण साडेचारशे ग्रॅम लागते. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा गंमत वाटली. पेट्रोल जेमतेम ३३-३४ ग्रॅम आणि हवा अर्धा किलो.

अडचणी आहेत. इंजिनाची भरणक्षमता, म्हणजे व्हीई, आपल्याला नक्की माहीत नसते. पण तोच गिअर, तोच वेग, तोच भार असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखीच येते आणि तुलनेतून निघून जाते. त्यामुळे ही पद्धत शहरात निरुपयोगी, हायवेवर उत्तम. दुसरी कटकट फ्युएल-कटची. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतारावर गाडी ओघळते तेव्हा इंजेक्टर बंद असतात, पण पिस्टन हवा ओढतच असतात. ती हवा वजा केली नाही तर उतारावर गाडी विनाकारण खादाड दिसते. पीआयडी ०३ वर (इंधन कसं टाकलं जातंय ते सांगणारा ओबीडीचा रकाना) ४ हा आकडा आला की ती ओळ गाळायची. हाच आकडा पूर्ण थ्रॉटलच्या वेळीही येतो; तिथे मिश्रण मुद्दाम गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचं, केलेलं असतं, म्हणून ती ओळसुद्धा चालत नाही. दोन्ही गाळल्या आणि गाळलेल्या ओळी एकूण लॉगच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त निघाल्या तर ती फेरीच रद्द.

यासाठी ओबीडी अडॅप्टर बरा लागतो. २.१ आवृत्ती म्हणून विकले जाणारे ईएलएम ३२७ या अडॅप्टर-चिपचे स्वस्त अवतार घेऊ नका; निम्मे आदेश त्यांना कळत नाहीत आणि चार पीआयडी एकदम मागितले की धापा टाकतात. मी आता चिप कोणती आहे हे विक्रेत्याला स्पष्ट विचारून दुप्पट पैसे दिले. एवढे पैसे जाळीतून वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते बायकोने तोंडी सांगितलं.

नव्या पद्धतीने जाळीची पुन्हा चाचणी घेतली. सोलापूर हायवे, पाटस टोलच्या पुढून भिगवणपर्यंत आणि परत, उजाडता उजाडता. शेजारी बसून लॉग बघायला येणारा मित्र खरं तर भिगवणच्या मासळीसाठी येतो, पण त्यामुळे वजन दर वेळी सारखं राहतं. निकाल: झाकल्यावर हवा १.१ टक्क्यांनी कमी. एकाच स्थितीतल्या फेऱ्यांमध्ये आपसात पाऊण टक्क्याचा फरक पडतोच, त्यामुळे "काहीतरी आहे" इतकंच म्हणेन. कूलंट ९५ च्या वर गेलं नाही. एसी लावल्यावर मात्र पंखा जास्त फिरतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये शीट उतरवणार.

वाऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण "जाऊन-येऊन केलं की वारा कटतो" असं आपण सगळेच म्हणतो. पूर्ण कटत नाही. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० चा समोरचा वारा असेल तर जाताना गाडीला ९० लागतं, येताना ७०. ८१०० आणि ४९०० ची सरासरी ६५००, शांत हवेत ६४००. दीड टक्का जास्त. ताशी २० चा वारा असेल तर सहा टक्के! आपण शोधतोय एक टक्का. म्हणून झाडाचं पान हलत असेल तर मी चहा पिऊन परत येतो.

हे लिहिता लिहिता लॉगमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. जाळी झाकल्यावर आयएटी चार-पाच अंशांनी वर आहे. इंजिनाला गरम, पातळ हवा मिळाली की तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि हवा ओढण्यातला तोटा कमी होतो. म्हणजे तो १.१ टक्का हवा कापण्यातला नसून गरम हवेचाही असू शकतो! पुढचा बेत चाकांच्या सपाट झाकणांचा होता, तो मागे ढकलला. आधी कोस्टडाउन. रस्ता मोकळा असताना, मागे कुणी नसताना, ९० वर न्यूट्रल करायचं आणि ७० पर्यंत किती सेकंद लागतात ते जीपीएसवर घ्यायचं, दोन्ही दिशांनी. त्यात इंजिनाचा संबंधच नाही. झाकण लावून वेळ वाढला तर श्रेय जाळीचं. वेळ तोच राहिला तर शीट फेकून एअर-इनटेकची नळी एक्झॉस्टच्या बाजूला वळवून बघायची, ते पुठ्ठ्यातही जमेल.

दुसरा बेत ट्रकवाल्यांकडून उचललाय. एसएई जे-१३२१ या इंधनखर्च मोजायच्या प्रमाणित चाचणीत एक गाडी बदल केलेली आणि दुसरी न बदललेली, दोन्ही एकाच वेळी त्याच रस्त्यावर धावतात, टाकी काढून वजन करतात आणि दोघींच्या खर्चाचं गुणोत्तर बघतात. वारा, ऊन, रस्ता दोघींना सारखाच. आपण टाकी काढू शकत नाही, पण दोन लॉग एकत्र चालवू शकतो. एकाने सेलेरिओ द्यायचं कबूल केलंय, पण त्यालाही मासळीच हवी.

ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाकी वस्तूंबद्दल विचारणा झाल्या त्यांना एकत्रच. पेट्रोलच्या नळीवरचं चुंबक: नाही. ओबीडीत खोचायचा "इको" डबा: उघडून पाहिलेल्यांना आत दिवे लुकलुकवणारी चिप सापडली आहे, ती गाडीशी बोलतच नव्हती. हायड्रोजन किट: अल्टरनेटर, मग इलेक्ट्रोलिसिस, मग इंजिन, प्रत्येक टप्प्यावर बरीच ऊर्जा सांडते. परफॉर्मन्स एअर फिल्टर: ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेल्या फिल्टरने चाचण्या केल्या, इंजेक्शनवाल्या गाड्यांचं ॲव्हरेज घटलं नाही, पिकअप घटला. चोंदल्याने जात नाही ते मोकळं केल्याने येणार कुठून? टायरची हवा मात्र बघा, एक पीएसआय कमी म्हणजे सरासरी ०.२ टक्के.

टायरवरून आठवलं. माझे टायर दिवाळीपर्यंत बदलावे लागतील. नवा टायर आठ मिमी नक्षीचा, जुना दोनचा. व्यासात बारा मिमी फरक, म्हणजे माझ्या चाकावर दोन टक्के. नवे टायर बसवले की ओडोमीटर दोन टक्के कमी धावतो आणि ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. म्हणून कोस्टडाउन आणि जाळीचं जे काय आहे ते टायर बदलायच्या आत उरकायचं, आणि यापुढे सगळ्या फेऱ्यांचं अंतर जीपीएसवरूनच घ्यायचं. लॉगमधून हवेचे हे आकडे काढणारी स्क्रिप्ट हवी असेल त्यांनी सांगा; इंजिनाची सीसी आणि टायरचा आकार कळवला तर तुमच्या गाडीसाठी आकडे बदलून देतो. भाच्याला गाडीची चावी देणं तूर्त बंद आहे.