सायटिका, ॲक्युपंक्चर आणि एका पत्राचा खोळंबा: माझा अनुभव

सायटिकाचा, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेचा, त्रास आहे, रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे आणि फिजिओथेरपीत सुया लावून घ्यायचा विचार आहे, अशा प्रत्येकाला मी आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांचं एक पत्र मिळवायला सांगते. दुखणं सगळ्यात जास्त होतं ते आठवडे माझे त्या पत्रामागे गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

निदानाला वेळ लागला नाही. कमरेतून निघालेली सणक डाव्या नितंबातून, मांडीच्या मागून, पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत जायची. फिजिओथेरपिस्टने मला उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, तो अर्ध्यावर जायच्या आतच मी ओरडले. एमआरआयमध्ये एल ५–एस १ ची, म्हणजे कण्याच्या तळाशी दोन मणक्यांमधली, गादी नसेच्या मुळावर टेकलेली दिसली. व्यायाम सुरू झाले, पण पालथं पडून कोपरांवर छाती उचलणंही मला जमेना. म्हणून त्यांनी ॲक्युपंक्चर सुचवलं. सुयांनी ठणका थोडा उतरला की व्यायाम करता येतील, असा त्यांचा विचार होता.

आणि मग तो फॉर्म आला. पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, सुईने चक्कर येते का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे मी वॉरफरिन घेते. शेवटच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं आणि सगळं तिथेच थांबलं. ‘औषध देणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आणा.’

हे विचारणं योग्यच होतं. नितंबातले स्नायू जाड असतात, तिथे सुई खोल जाते, आणि आत रक्त साकळलं तर बाहेरून पटकन कळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पत्रात काय हवं ते कोणीही सांगितलं नाही.

हृदयाचे उपचार चालू होते तिथल्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘सुया आम्ही लावत नाही, मग पत्र आम्ही का द्यायचं?’ फिजिओथेरपीच्या काउंटरवर उत्तर, ‘पत्राशिवाय सुई नाही.’ फोन केला की ‘डॉक्टर बघतील’, आणि पुन्हा फोन केला की आधीच्या फोनची नोंदच नाही. या काळात मला बसून जेवता येत नव्हतं, रात्री कूस बदलायची तर दात आवळावे लागत. अखेर कागद मिळाला. त्यावर एकच ओळ होती: ‘फिजिओथेरपी घेण्यास हरकत नाही.’ सुईचा उल्लेख नाही, आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, आकडा नाही. साहजिकच तो परत आला. खिडकीवरच्या बाई वर म्हणाल्या, ‘मग थोडे दिवस गोळी बंद ठेवा ना!’ हे कोणाचंही ऐकू नका. माझ्यासारख्यांना ती गोळी पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली असते. ती थांबवायची की नाही, हे फक्त ती देणारे डॉक्टर ठरवतात.

मार्ग मीच काढला आणि त्याचा मला अभिमान आहे. मी फिजिओथेरपिस्टना म्हटलं, ‘तुम्हाला जे विचारायचंय ते तुम्हीच लिहून द्या, मी सही आणते.’ त्यांनी अर्ध्या पानावर लिहून दिलं: औषधाचं नाव आणि डोस, शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख, नितंबात आणि पायात बारीक सुया खोलवर लावायला हरकत आहे का, औषध आहे तसंच चालू ठेवायचं का. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराला जागा. आयएनआर २ ते ३ च्या मधे, म्हणजे हवा तेवढाच होता. डॉक्टरांनी माझ्यासमोरच उत्तरं भरली, त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा कामासाठी आठवडे!

सुयांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. त्या साधारण पाव मिलीमीटर जाडीच्या, एकदाच वापरून टाकायच्या. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. टोचणं फारसं जाणवत नाही, पण नितंबातली सुई खोल गेली की आत जड, बोथट कळ येते. तेवढी अपेक्षित असते. पायात विजेसारखा झटका गेला तर मात्र लगेच बोला. माझ्या सुया काढल्यावर फिजिओथेरपिस्ट प्रत्येक जागी कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरत. एक-दोन काळेनिळे डाग पडले, बाकी काही नाही.

पहिल्या वेळी काहीच फरक पडला नाही. पुढे सुयांनंतर लगेच, ठणका उतरलेला असतानाच फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घ्यायला लागल्या, तेव्हा कळ पावलातून पोटरीत आणि पोटरीतून नितंबात सरकली. कंबर त्या दिवसांत जास्त दुखायची. मी घाबरले, पण दुखणं पायातून कमरेकडे मागे सरकणं हे चांगलं लक्षण, असं त्यांनी समजावलं.

यात सुयांचा वाटा किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. गादीमुळे झालेला सायटिका पुष्कळांचा ६ ते १२ आठवड्यांत तसाही ओसरतो. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये सायटिकासाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत, जुनाट सायटिका असलेल्यांना ४ आठवड्यांत १० वेळा सुया लावल्यावर खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या दिखाव्यापुरत्या लावलेल्या सुयांपेक्षा जास्त आराम पडला. मला सुयांमुळे व्यायामाची संधी मिळाली, असं माझं मत. नुसत्या सुया घेऊन घरी जाणाऱ्यांना मी अडवेन.

एक गोष्ट वरच लिहायला हवी होती: लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, जांघेत आणि बसायच्या जागेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडायला लागलं, तर सुया, पत्र सगळं सोडून ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि त्या भरलेल्या पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा. डोस बदलला की सुई लावण्याआधी पुन्हा विचारावंच लागतं, तेव्हा कोरे प्रश्न तरी तयार असतात.