कलम 307 आणि एक लाल कांदा

जप्ती पंचनाम्यात लिहिलं होतं : "एक लाल रंगाचा कांदा, अंदाजे वजन 80 ग्रॅम, एका बाजूने चेपलेला, वरचा पापुद्रा निघालेला." पंचांच्या सह्या घेऊन तो खाकी पाकिटात लाखेनं सील केला होता. एफआयआरमध्ये कलमं दोन, तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड विधानाचं 353 आणि 307. यातलं 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि वकीलपत्रावर सही केली.

डिसेंबर 2023 मधली गोष्ट. केंद्र सरकारनं 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात थेट 31 मार्चपर्यंत बंद केली होती. आमच्या नाशिक जिल्ह्यात बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, त्यात शरद पवार स्वतः उतरले. भाव बघता बघता कोसळले. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडी कळ काढू शकतो. डिसेंबरात निघणारा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदीची तारीख ठरवणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्याच दिवसांत तालुक्यात एक मंत्री पक्षाच्या मेळाव्याला आले. मंगल कार्यालयातून बाहेर पडताना गर्दीतून एका पोरानं कांदा भिरकावला. मंत्र्यांच्या जाकिटाला खांद्यावर लागून तो खाली पडला. पोराला आधी कार्यकर्त्यांनी चोपलं, मग पोलिसांनी गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला रिमांडसाठी आणलं तेव्हा त्याचा डावा डोळा सुजून मिटला होता. मंत्र्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कागद फाइलमध्ये नव्हताच.

तपासी अंमलदारांनी पाच दिवसांची पोलीस कोठडी मागितली. कारणं छापील असतात तशीच होती : कटात आणखी कोण सामील आहे, आणि "गुन्ह्यात वापरलेली वस्तू कोठून आणली याचा तपास करणे आहे." आमच्या तालुक्यात, डिसेंबरात, कांदा कुठून आणला याचा तपास! पोराच्या बापाच्या दोन एकरांतला माल उपटून वावरात पडला होता. बाप कोर्टाच्या व्हरांड्यात मला एवढंच विचारत होता, "मॅडम, उद्या गाडी भरायचीय. पोरगं सुटंल ना?"

उत्तर माझ्याकडे होतं आणि ते वाईट होतं. नुसतं 353 असतं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर, तर महाराष्ट्राच्या तेव्हाच्या दुरुस्तीनुसार शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी 41-अ ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अर्नेशकुमारच्या निकालात बजावलंय. 307 जोडलं की ते संरक्षण गेलं, कारण त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यात खालच्या कोर्टाचे हात जामिनाच्या बाबतीत जवळपास बांधलेले असतात. पुढे खटल्यात ते कलम टिको न टिको, माणूस आज आत जातो. या कलमाचा खरा उपयोग तिथे आहे, आणि मला राग येतो तो त्याचाच.

सरकारी वकिलांनी बलराम बामा पाटील खटल्याचा 1983 चा निकाल पुढे केला : 307 साठी जखम झालीच पाहिजे असं नाही, हेतू किंवा जाणीव बघायची. बरोबर आहे. मी म्हटलं, मग तेच बघूया, साहेब. 80 ग्रॅमचा कांदा, भर गर्दीत, पोलिसांच्या गराड्यात, दुपारच्या उजेडात. यानं माणूस मरावा असा हेतू कुणी धरेल? सगळ्यांनी बघावं हाच त्याचा हेतू होता.

फिर्याद बंदोबस्तावरच्या एका हवालदारानं दिली होती. जेवणाच्या सुट्टीत ते जिन्यात भेटले. "मॅडम, पिंपरीत काय झालं आठवतंय ना? आमचीपण नोकरी आहे." आठवत होतं. डिसेंबर 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडला चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली गेली, तेव्हा आरोपींवर 307 लागलं, बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले, चित्रीकरण करणारा पत्रकारही अटकेत गेला. काही दिवसांत 307 काढावं लागलं, निलंबनंही मागे घेतली गेली. पण हवालदाराच्या डोक्यात राहिलं ते निलंबन. कलम कमी लावलं तर साहेब विचारणार, जास्त लावलं तर कोणी विचारत नाही.

बगदादमध्ये 2008 साली पत्रकार मुंतधर अल-झैदीनं जॉर्ज बुश यांच्यावर एकामागून एक दोन्ही बूट फेकले. तीन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात एक वर्षावर आली, नऊ महिन्यांनी तो सुटला. दिल्लीत एप्रिल 2009 मध्ये जर्नेल सिंग या पत्रकारानं 1984 च्या शीखविरोधी दंगलीवरून पी. चिदंबरम यांच्या दिशेनं बूट फेकला. चिदंबरम यांनी माफ केलं, पोलिसांनी सोडून दिलं, आणि काही दिवसांतच काँग्रेसनं त्या दंगलीवरून आरोप असलेल्या जगदीश टायटलर आणि सज्जनकुमार यांची उमेदवारी मागे घेतली. देशाचे गृहमंत्री ते सोसू शकले, तर इथे एका कांद्याला जन्मठेपेचं कलम कशासाठी?

फेकाफेकीची वकिली मी करत नाही. कांदा डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो, शाईत काय मिसळलंय हे कुणाला दिसत नाही, आणि दगड तर दगडच. हे मी पोराला लॉकअपमध्ये तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, निवेदन दोनदा दिलं. एकदा पीएनं घेतलं, एकदा कुणीच नाही." फेकल्याबद्दल त्याला जी काय शिक्षा व्हायची ती होऊ दे, पण ती त्यानं केलं तेवढ्याचीच.

कोर्टानं पोलीस कोठडी नाकारली, सुजलेल्या डोळ्याची नोंद घेऊन तपासणीचा हुकूम केला आणि न्यायालयीन कोठडी दिली. जामीन सत्र न्यायालयात झाला, तोवर दोन आठवडे उलटून गेले होते. गाडी शेजाऱ्यांनी भरून दिली. जो भाव मिळाला त्यात काढणीची मजुरी निघाली, बाकी काही नाही. 31 मार्चनंतरही वाढवलेली निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, तोवर लाल कांद्याचा हंगाम संपलेला होता.

दोषारोपपत्रात 307 नाही. कोणी, का काढलं, यावर एक ओळ नाही. मंत्र्यांचा जबाब नाही. 353 मात्र आहे. त्यासाठी ज्याच्यावर बळ वापरलं तो सरकारी कर्तव्य बजावत असावा लागतो, आणि त्या दिवशी मंत्री पक्षाच्या मेळाव्यातून निघाले होते. मेळाव्याची छापील पत्रिका, पक्षाच्या चिन्हासह, मी दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सोडण्याच्या, अर्जाला जोडली आहे. अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं अजून आलेलं नाही.