कुडलचा दगड आणि चिऊचा रफार

रविवार, रात्रीचे साडेदहा

दोघंही झोपलेत. बाळू तर पायाची माती न धुताच झोपला, उद्या धुवू म्हणलं. गड्डा जत्रेतल्या पाळण्यांचा आवाज अजून खिडकीतून येतोय आणि मी किचनच्या ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, कारण आता नाही लिहिलं तर उद्या डबे, भांडी, ऑफिस यात राहून जाईल.

आधी कालचं लिहिते. काल चिऊच्या शाळेतून वही आली, त्यात लाल पेनने शेरा होता, "वाचनाचा सराव घ्यावा. जोडाक्षरे येत नाहीत." दुसरीत आहे ती. मी लगेच पुस्तक काढून तिला बसवलं. पर्वत ला पवर्त, सूर्य ला सुयर, मार्ग ला मागर. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, दहाव्यांदा माझा आवाज चढला, तिने पुस्तक मिटलं आणि रडत आप्पांच्या खोलीत गेली. आप्पा म्हणजे माझे सासरे. रात्रभर मला वाईट वाटत होतं. दिवसभर दमून आल्यावर लेकरावर ओरडायचं आणि मग त्याचं डोकं कुरवाळत बसायचं, हे मला नकोय.

आजची कुडलची ट्रिप आधीच ठरलेली होती. हत्तरसंग कुडल, आपल्या सोलापूरपासून ४० किलोमीटरच्या आसपास, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीनेचा संगम आहे तिथे. ह्यांचं म्हणणं होतं की दोन लहान पोरं आणि आप्पा, त्यापेक्षा अक्कलकोट करू, तिथं सोय असते. पण आप्पांनी गेल्या दिवाळीपासून कुडलचं लावून धरलेलं. आणि मला आता अनुभवाने कळलंय की लहान पोरांना देवस्थानाच्या रांगेत दोन तास उभं करण्यापेक्षा मोकळ्या जागी सोडलेलं फार बरं. मागच्या महिन्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो तेव्हा माळढोक काय दिसला नाही, तो आता दिसणं मुश्कीलच आहे, पण काळविटांचा कळप गवतातून उड्या मारत गेला आणि बाळू त्यानंतर आठवडाभर घरात तशाच उड्या मारत होता. रांगेतलं देवदर्शन त्याला आठवणार नाही, ते काळवीट आठवेल.

सकाळी सहालाच निघालो. जानेवारी असला तरी आपल्याकडे अकरा वाजले की ऊन चावायला लागतं, म्हणून लहान पोरं बरोबर असली की मी अंधारात निघते आणि दुपारच्या झोपेच्या आधी गाडीत परत, म्हणजे झोप गाडीतच होते. बाळूला गाडी लागते, त्याला निघताना दूध अजिबात देत नाही, अर्धी कडक भाकरी हातात, ती चघळत बसतो आणि पोटही शांत राहतं. डब्यात धपाटे, दही, शेंगाची चटणी, संक्रांतीच्या उरलेल्या शेंगापोळ्या. पाणी पाच लिटरचा कॅन. एक जुनी चादर, आप्पांनी स्वतः मागावर काढलेली, मोराची. ती खाली अंथरायला पण होते आणि चिऊला शू लागली की आडोशाला धरायला पण होते, कारण असल्या ठिकाणी मुलीच्या जातीला बाथरूम मिळेल याची काही खात्री नसते, आणि हे मला मनापासून बोचतं, पुरुषांना याचं काहीच वाटत नाही.

विजापूर रोडला लागलो, संभाजी तलावावर धुकं होतं, मंद्रूप गेलं, पुढे हायवे सोडला. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर लोंबतोय, एकामागं एक. बाळूने मोजायला घेतले, "एक, दोन, पाच, दोन." चिऊ गप्प होती. कालचं मनात होतं तिच्या, मला कळत होतं.

पोचलो तर देवळात आमच्याशिवाय तिघं चौघंच. दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर, दोन्ही चालुक्यांच्या काळातली. हरिहरेश्वरात आधी गेलो कारण तिथं मोकळं आहे. समोर गोल मंडप आहे, स्वर्गमंडप म्हणतात, खांब सगळे गोलात उभे आणि मधे छतच नाही, वर थेट आभाळ. बाळूने तिथं जे पळायला सुरुवात केली, या खांबाला हात लाव, त्या खांबाला हात लाव. कोणी रागावलं नाही. मी खांबाला टेकून बसले आणि दोन महिन्यात पहिल्यांदा मी नुसती बसले असं वाटलं.

ते बहुमुखी शिवलिंग बघितलं. एकाच दगडावर शंकराची ३५९ मुखं कोरलेली आहेत, ओळीवर ओळी, आणि लिंग स्वतः एक धरून ३६०, असं सांगतात. जवळ जाऊन बघितलं की प्रत्येक चेहरा वेगळा, कोण शांत, कोण रागात, एखाद्याचं नाक झिजलेलं. चिऊ मोजायला लागली आणि चाळीसच्या पुढे कुठून सुरू केलं तेच विसरली, परत पहिल्यापासून. एका चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा आई सारखा आहे, चिडलेला." मला तिथं काहीच बोलता आलं नाही. मी तिला जवळ घेतलं फक्त.

मग संगमेश्वर. आप्पांना जे दाखवायचं होतं ते इथं. आत सभामंडपात अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. वरच्या तुळईवर अक्षरं कोरलेली आहेत. शके ९४० चा लेख आहे, म्हणजे सन १०१८. हजार वर्षांच्या वर झाली. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक, आणि तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात, आपल्या घरापासून एका तासावर, आणि मी चाळीशीला आले तरी बघितला नव्हता. आपल्या सोलापूरचेच आनंद कुंभार, ज्यांनी अख्खं आयुष्य असे लेख हुडकण्यात आणि वाचण्यात घालवलं, त्यांनी हा लेख वाचला. आप्पांकडे त्यांच्यावर पेपरात आलेलं एक कात्रण आहे, पार पिवळं पडलेलं. आप्पा सातवी शिकलेले, चाळीस वर्षं पॉवरलूमवर चादरी काढल्या, पण कागद दिसला की वाचणार, भेळेचा कागद सुद्धा उलगडून वाचणार.

ह्यांनी चिऊला खांद्यावर घेतलं, मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. तिरका धरायचा हे आप्पांनी सांगितलं, समोरून धरला तर अक्षर दिसत नाही, बाजूने उजेड पडला की खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. खरंच तसं झालं. आधी नुसता ओबडधोबड दगड होता, टॉर्च बाजूला नेला आणि रेषा वर आल्या.

"काय दिसायलंय बाळ?" आप्पा खालून.

"व आहे... वाकडा व. वा. आणि तो त आहे का?"

"आहे की. अजून?"

बाकीचं तिला येईना, मला पण येत नव्हतं, अक्षरं आपल्यासारखी आहेत पण आपली नाहीत, पणजीच्या फोटोत आपलं नाक दिसावं तसं काहीतरी. मग आप्पांनीच वाचून दाखवलं. वाछि तो विजेया होऐवा. जो वाचेल तो विजयी होईल.

चिऊ वरूनच म्हणाली, "म्हणजे वाचलं की जिंकतो?"

"हां. हजार वर्षांमागं कुणीतरी दगडावर लिहून ठेवलंय."

"पण अडखळत वाचलं तर?"

आप्पा थोडा वेळ थांबले. "आनंद कुंभार बी अडखळतच वाचले असतील की गं. एकेक अक्षर. त्यात असं कुठं लिहिलंय का, की भरभर वाचंल त्यो?"

मी टॉर्च धरून उभी होते, माझा हात हलला आणि अक्षरं गेली. परत लावला.

तिथून खाली संगमावर गेलो. भीमेला पाणी बऱ्यापैकी होतं, सीना बारीक. पलीकडे कर्नाटक. चिऊला सांगितलं की पंढरपुरात आपण जिला चंद्रभागा म्हणतो ती हीच भीमा, भीमाशंकरहून येते आणि इथून पुढे कर्नाटकात कृष्णेला जाऊन मिळते, तर ती म्हणाली मग विठोबाला हात लावलेलं पाणी आहे का हे. असेल. पाण्यात मात्र पाय घालू दिले नाहीत कुणाला, काठाला गाळ असतो, वरून घट्ट दिसतो आणि मोठ्या माणसाचा गुडघा आत जातो. बाळूने त्यावरून भोकाड पसरलं, दहा मिनिटं रडला, मग त्याला एक शिंपला सापडला आणि संपलं.

चादर अंथरून धपाटे खाल्ले. शेजारच्या शेतातल्या बाईंनी ज्वारीची कणसं आणून दिली, हुरड्याची, कानडीत आप्पांशी बोलत होत्या. आप्पांना कानडी येते, तेलुगू पण येते, कारखान्यात सगळेच बोलायचे. पैसे देऊ केले तर त्या माऊलीने बाळूच्या गालाला हात लावला आणि निघून गेल्या. शेकोटी नव्हती तर नुसते कच्चे कोवळे दाणेच खाल्ले चटणीबरोबर, गोड लागतात.

मग आप्पांनी ज्वारीच्या ताटाचा तुकडा घेतला आणि काठाच्या ओल्या मातीत लिहिलं, पर्वत. मी मनात म्हणलं आता नको हे, चांगला दिवस चाललाय. चिऊचा चेहरा लगेच पडला.

आप्पा म्हणाले, "मगाशी तू कुठं बसली होतीस?"

"बाबाच्या खांद्यावर."

"मग आधी कोण दिसत होतं लांबून, तू का बाबा?"

"मी. मी वर होते ना."

"मग ह्यो बघ." त्यांनी रफारावर काडी टेकवली. "ह्यो बी खांद्यावर बसलाय. व च्या. वर बसलेल्याला आधी घ्यायचं, मग खालच्याला."

चिऊ त्या मातीकडे बघत राहिली. ओठ हलत होते. प... र... वत. पर्वत. मग तिने स्वतः काडी घेतली आणि मार्ग लिहिलं, रफार इतका मोठा काढला की ग च्या दुप्पट. सूर्य लिहिलं. वर्षा लिहिलं, ती तिच्या मैत्रिणीचं नाव आहे, गेलं वर्षभर ती वहीत वरषा लिहीत होती. बाळू मागून आला आणि सूर्यावर बसला.

मी कालपासून किती वेळा सांगितलं होतं की बाळा र आधी येतो, र आधी येतो. नियम बरोबरच होता माझा. पण मी तिला टेबलाशी बसवून, घड्याळ बघत, कुकरच्या शिट्ट्या मोजत सांगत होते. आप्पांनी तिला जे सांगितलं ते तिच्या अंगाला आधी घडलेलं होतं, अर्ध्या तासापूर्वी ती खरंच खांद्यावर बसली होती, तिच्या मांडीला बाबाच्या मानेची ऊब अजून असेल. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी काढायच्या यंत्राच्या, पुठ्ठ्याला कुठल्या भोकाने कुठला धागा वर उचलला जातो हे आप्पांनी चाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलंय, त्यांना वर काय आणि खाली काय हे नीट माहितीय. मी त्यांना हे बोलून दाखवलं नाही. उद्या चहा देताना दाखवीन.

साडेअकराला निघालो, आता ऊन लागत होतं. बाळू पाच मिनिटात गेला, तोंडात अर्धी शेंगापोळी तशीच, ती हळूच काढली. एक बूट संगमावरच राहिला त्याचा, हे मंद्रूपला आल्यावर कळलं. परत नाही गेलो. नवीनच होते, गड्ड्यातून घेतलेले.

मंद्रूपच्या पुढे परत उसाचा ट्रॅक्टर आडवा, ओव्हरटेक करता येईना, बराच वेळ त्याच्या मागेच. मागच्या ट्रॉलीच्या फळीवर पिवळ्या रंगाने लिहिलेलं होतं, उसाच्या पाल्याने अर्धं झाकलेलं. चिऊ पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं घालून बघत होती.

"आई... व... डि... लां... चा," मग थांबली. ह्यांना वाट मिळाली तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॉर्न दिला, मी म्हणलं, "थांबा हो, एक मिनिट मागेच राहा." ते राहिले.

"आ... शी..." पाला हलला. तिने बोट वर केलं, हवेत, वर बसलेल्याला आधी. "र्‌... वाद. आशीर्वाद!"

आप्पा मागे डोळे मिटून बसले होते, झोपलेत असं वाटलं होतं मला. डोळे न उघडताच म्हणाले, "पुढच्या ट्रॉलीवर काय लिहिलंय?"

ती पुढची दिसत नव्हती, मग ह्यांनी हळूहळू गाडी पुढे घेतली, तोवर ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला वळून गेला. चिऊ काचेला नाक लावून बघत राहिली.

उद्या शाळा आहे. वहीवर सही करायची राहिलीय, शेऱ्याच्या खाली. बाळूला जुनेच सँडल घालावे लागतील. चादर भिजत घातलीय, मोराच्या पिसाऱ्यावर कुडलचा गाळ लागलाय, दोन पाण्यात निघेल.